वाऱ्याची पायरी

वाऱ्याला स्वतःचे रूप नाही. तो दिसतो तो दुसऱ्याच्या अंगावर: शिडाच्या फुगवट्यात, धुराच्या रेषेत, माडाच्या झावळीत. म्हणूनच वारा मोजण्याची जी जी साधने मनुष्याने आजवर काढली, त्यांत वाऱ्याइतकेच मोजणाऱ्याच्या काळजीचेही चित्र उमटलेले आढळते. १८०५ साली फ्रान्सिस ब्यूफोर्ट ह्या ब्रिटिश आरमारी अधिकाऱ्याने वाऱ्याच्या शून्यापासून बारापर्यंत पायऱ्या बांधल्या. त्या वेगाच्या आकड्यांवर बांधलेल्या नव्हत्या. लढाऊ जहाजाने किती शिडे उभारावी आणि किती उतरावी, हा त्यांचा हिशेब होता. बारावी पायरी म्हणजे ज्यापुढे कोणतेच शीड टिकावयाचे नाही असा वारा. पुढे शंभर वर्षांनी जमिनीवरच्या लोकांकरिता त्याच पायऱ्यांना धूर, पाने, फांद्या आणि कौले ह्यांच्या खुणा जोडण्यात आल्या. खलाशाने शिडाकडे पाहिले, गृहस्थाने छपराकडे पाहिले. ज्याचे जे जाण्यासारखे होते, तेच त्याने माप म्हणून हाती घेतले.

आपल्याकडे हवामान खात्याने समुद्रावरील वादळांच्या सात पायऱ्या ठरविल्या आहेत. पहिल्या दोन कमी दाबाच्या पट्ट्याच्या, तिसरी चक्रीवादळाची, चौथी तीव्र चक्रीवादळाची, आणि त्यावर अतितीव्र, अत्यंत तीव्र व महाचक्रीवादळ अशा आणखी तीन. ह्या पायऱ्या वाऱ्याच्या टिकून राहिलेल्या वेगावर बसविलेल्या असतात. ताशी ६२ किलोमीटरांस चक्रीवादळ हे नाव मिळते, ८९ किलोमीटरांस ‘तीव्र’ हे विशेषण लागते, आणि २२२ किलोमीटरांच्या पलीकडे महाचक्रीवादळ सुरू होते. ह्या शिस्तीचा उपयोग मोठा आहे. कोणत्या बंदरावर कोणता बावटा लावावा, कोळ्यांनी होड्या केव्हा ओढाव्या, किनाऱ्यावरची माणसे केव्हा हलवावी, हे सर्व ह्या पायऱ्यांवरून ठरते, आणि त्यामुळे हजारो जीव वाचतात. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून आकाशाची जी रोजनिशी लिहिली जात आहे, तिचे ऋण मुंबईकरांनी कधीही विसरू नये. आमचे म्हणणे एवढेच, की ही पायरी वाऱ्याची असते. वाऱ्याखाली सापडलेल्या गावाची नसते. ह्या दोहोंची गल्लत आपण सुशिक्षित माणसे फार सहज करतो, आणि त्या गल्लतीची किंमत दुसऱ्या कोणाला तरी भरावी लागते.

हे आमच्या मनावर ठसले ते ‘निसर्ग’ वादळाने. हे नाव बांगलादेशाने सुचविलेले होते, आणि वादळांच्या नावांची जी नवी यादी २०२० साली तयार झाली, तिच्यातील ते पहिलेच. बुधवार, ३ जून २०२० रोजी दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान हे वादळ अलिबागच्या दक्षिणेस किनारा ओलांडून जमिनीवर आले. त्या वेळी वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता आणि झोत १३० पर्यंत जात होते. खात्याच्या शिडीवर त्याला चौथी पायरी मिळाली, म्हणजे सातांतली बरोबर मधली. खाली तीन, वर तीन.

त्या दिवशीची मुंबई पुष्कळांच्या स्मरणात असेल. टाळेबंदीचे दिवस होते. लोकलगाड्या सामान्य प्रवाशांस बंद, नाके बंद, माणसे आपापल्या बिऱ्हाडांत कोंडलेली. त्यात दोन दिवस आधीपासून वादळ मुंबईवरच येणार अशी हाकाटी झाली होती. किनाऱ्यावरच्या वस्त्यांतील लोकांना महापालिकेच्या शाळांत हलविण्यात आले. वांद्रे-कुर्ला संकुलातील तात्पुरत्या रुग्णालयातून रोग्यांना दुसरीकडे नेण्यात आले. गिरगावातल्या जुन्या लाकडी चाळींत लोकांनी गॅलऱ्यांतल्या कुंड्या आत घेतल्या, खिडक्यांची तावदाने कागद चिकटवून बळकट केली, मेणबत्त्या काढून ठेवल्या. दुपारी वारा आला, पाऊस आला, रस्त्यांवर झाडे पडली, कोठे कोठे पत्रे उडाले. संध्याकाळपर्यंत वादळ जमिनीवरून ईशान्येकडे सरकून दुबळे झाले, आणि वृत्तवाहिन्यांवर दोनच शब्द फिरू लागले: मुंबई वाचली.

ह्या दोन शब्दांत खोटे असे काही नव्हते. दीड-दोन कोटींच्या, त्यातच रोगाने गांजलेल्या शहरावर मधल्या पायरीचेही वादळ नेमके आले असते, तर काय झाले असते ह्याची कल्पना करवत नाही. सुटकेचा निःश्वास टाकणे हा मनुष्यस्वभावच आहे. परंतु त्याच संध्याकाळी लालबागच्या आणि परळच्या कित्येक खोल्यांतून माणसे हातातल्या दूरध्वनीकडे पाहत बसली होती, आणि पलीकडून घंटी वाजत नव्हती. श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर, म्हसळे, मुरूड आणि खाडीपलीकडे मंडणगड, केळशी, आंजर्ले, हर्णै, दापोली: ह्या साऱ्या पट्ट्यातले विजेचे आणि दूरध्वनीचे खांब आडवे झाले होते. मुंबई वाचल्याची बातमी तासाभरात जगभर गेली; तिकडची खबर इकडे यावयास कोणाला दोन दिवस लागले, कोणाला चार. वीज तर कित्येक गावांत कित्येक आठवडे आली नाही.

मग मुंबई म्हणजे कोण, हा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला. गिरण्यांच्या काळापासून लालबाग-परळच्या चाळींत गावागावांच्या मंडळांच्या खोल्या आहेत. एका गावचे वीस-पंचवीस गडी एका खोलीत पथाऱ्या टाकून राहावयाचे, पाळ्यांप्रमाणे निजावयाचे आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात गावी मनिऑर्डर करावयाचे. गिरण्या गेल्या, पाळ्या गेल्या, मनिऑर्डरही गेली. पण खोल्या पुष्कळ ठिकाणी अजून आहेत, आणि भिंतीवरच्या ग्रामदेवतेच्या तसबिरीखाली वर्गणीच्या वह्याही आहेत. गिरगावातील, दादरमधील कितीतरी घरांचे एक दार असेच श्रीवर्धनाकडे किंवा दापोलीकडे उघडलेले असते. मे महिन्यात शेकडो चाकरमानी रोगाच्या भयाने गावी गेले होते. कोणी शाळेत विलगीकरणात राहिले, कोणी पडवीत वेगळी चूल मांडून राहिले. म्हणजे ३ जूनच्या दुपारी मुंबईचा एक भाग वादळाच्या वाटेवरच होता. मुंबई वाचली हे खरे. पण सगळी वाचली असे म्हणता येत नाही.

दिवेआगर हे गाव वाचकांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल. कुलाब्यापासून सरळ रेषेत ते ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटरांवर आहे. शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा मराठीतला ताम्रपट ह्याच गावी सापडला. तेव्हा वस्ती जवळजवळ हजार वर्षांची तरी आहेच. शेजारचे श्रीवर्धन हे पेशवे बाळाजी विश्वनाथ ह्यांचे गाव, आणि तिथल्या रोठा सुपारीचे नाव मुंबईच्या बाजारात पिढ्यान्‌पिढ्या घेतले जात आहे. ह्या किनाऱ्यावर ‘वाडी’ म्हणतात ती नुसती बाग नव्हे. पुढे रस्ता, मग अंगण, मग घर, घरामागे विहीर, आणि विहिरीच्या पाण्यावर पोसलेली माडा-पोफळींची झाडी, असा तो एकच संसार असतो. सर्वांत उंच माड. त्याच्या खाली दाटीने उभ्या पोफळी. पोफळींच्या अंगावर चढलेल्या मिरीच्या वेली. त्यांच्या सावलीत जायफळ, केळी, अळू. आणि सर्वांच्या तळाशी पाटाचे पाणी. भर दुपारी आत शिरले तरी उजेड हिरवा आणि पाणावलेला असावयाचा. सुपारी काढणारा गडी एका पोफळीवर चढला की खाली न उतरता झोका घेऊन दुसरीवर जातो, दुसरीवरून तिसरीवर. झाडी किती दाट असते, ह्याचे ह्याहून चांगले वर्णन आम्हांस देता येणार नाही.

आता पोफळीचा स्वभाव पाहा. आंब्याची फांदी मोडली तर दुसरी फुटते. वड तर पडल्या जागी पुन्हा उभा राहतो. पोफळीला आणि माडाला एकच शेंडा असतो. तो मोडला की झाड संपले. नवे रोप लावले तर पाच-सात वर्षांनी फळ धरू लागते आणि भरास यावयास आणखी काही वर्षे जातात. माडाचीही गत जवळजवळ तशीच. त्या दुपारच्या दोन-तीन तासांत बारीक, उंच पोफळी कोठे मध्येच मोडल्या, कोठे मुळांसकट उलथल्या, आणि एकीने दुसरीला घेऊन पडत वाडीच्या वाडी भुईसपाट झाली. घरांची कौले गेली, पण कौले नवी आणता येतात. तीस-चाळीस घरांची पाखाडी जिच्या आधाराने जगत होती, ती झाडी पुन्हा उभी करावयास एका पिढीचा चांगला तुकडा लागतो. लोकांना वेळीच हलविल्यामुळे मनुष्यहानी सुदैवाने थोडी झाली. त्यामुळे मोठ्या आकड्यांच्या बातम्यांत ह्या वादळाला फार दिवस जागा मिळाली नाही.

वादळाला त्याच्या वाऱ्यावरून नव्हे, त्याने केलेल्या नासाडीवरून दर्जा द्यावा, असा विचार एका शास्त्रज्ञाने केलेला आहे. अमेरिकेच्या मैदानी प्रदेशात टॉर्नेडो नावाची वादळे होतात. आपल्या वावटळीचा तो महाभयंकर थोरला भाऊ समजावा: ढगातून जमिनीपर्यंत लोंबणारी, गरगर फिरणारी वाऱ्याची सोंड. तिच्या पोटात यंत्र ठेवावे तर यंत्रच उडून जाते, म्हणून वेग थेट मोजण्याची सोय बहुधा नसते. ह्यावर शिकागो विद्यापीठातील तेत्सुया फुजिता ह्यांनी १९७१ साली तोड काढली. वादळ गेल्यावर तिथे जावयाचे, काय पडले आणि कसे पडले ते पाहावयाचे, आणि त्यावरून शून्य ते पाच असा दर्जा ठरवावयाचा. नुसते छप्पर उडाले की भिंतीही गेल्या, की जोत्यावरून घरच पुसले गेले? झाडे कोणत्या दिशेने पडली? २००७ साली तिकडे ही पद्धत सुधारून अठ्ठावीस प्रकारच्या वस्तूंची यादी करण्यात आली. तीत घरे, शाळा, कोठारे, खांब आहेत, आणि दोन प्रकारची झाडेही आहेत.

फुजितांची पूर्वकथा आम्हांस ह्या पद्धतीहूनही बोधप्रद वाटते. १९४५ साली ते जपानात कोकुरा ह्या शहरी अध्यापक होते. ९ ऑगस्टचा दुसरा अणुबॉम्ब ह्या कोकुऱ्यावर पडावयाचा होता. त्या सकाळी शहर ढगांनी आणि धुराने झाकलेले असल्यामुळे विमान पुढे गेले, आणि बॉम्ब नागासाकीवर पडला. कोकुरा वाचले. काही आठवड्यांनी फुजिता नागासाकीस आणि हिरोशिमास गेले, आणि उभ्या-आडव्या झाडांवरून, जळण्याच्या खुणांवरून स्फोट कोठे व किती उंचीवर झाला असेल ह्याचा हिशेब त्यांनी केला. पडलेली झाडे वाचावयाची विद्या ते तेथे शिकले, आणि पंचवीस-सव्वीस वर्षांनी तीच त्यांनी वाऱ्याला लावली. वाचलेल्या शहरातला मनुष्य उद्ध्वस्त शहरात जातो आणि तिथे काय पडले हे लक्ष देऊन पाहतो, ह्यातून ते माप जन्मास आले आहे.

ह्या मापालाही अर्थात मर्यादा आहेतच. ३१ मे २०१३ रोजी ओक्लाहोमा संस्थानात एल रेनो गावाजवळ एक टॉर्नेडो झाला. त्याची रुंदी सुमारे चार किलोमीटर होती, आणि फिरत्या रडारांनी त्यातील वारा ताशी साडेचारशे किलोमीटरांहून अधिक असल्याचे टिपले. तरी त्याला दर्जा मिळाला तो तिसराच, कारण तो मुख्यतः मोकळ्या शेतांवरून गेला आणि मोडावयास वाटेत फारसे काही नव्हते. उलट ४ मे २००७ च्या रात्री कॅन्सस संस्थानातील ग्रीन्सबर्ग नावाच्या छोट्याशा गावावर जो आला, त्याने गावाचा शेकडा पंचाण्णव भाग नाहीसा केला, आणि सुधारलेल्या पद्धतीने पाचवा दर्जा मिळालेले ते पहिले वादळ ठरले. हा दर्जा थोड्याच दिवसांत जाहीर झाला. पण ग्रीन्सबर्गचा आणखी एक आकडा आहे, तो वादळांच्या पुस्तकात नाही, शिरगणतीच्या पुस्तकात आहे. २००० साली त्या गावची लोकसंख्या १,५७४ होती. २०१० साली ती ७७७ भरली. गावाने हिंमत धरून नवी घरे, नवी शाळा, नवे रुग्णालय बांधले, ज्या वाऱ्याने गाव नेले त्याच वाऱ्यावर चक्क्या लावून वीज काढली. तरीही निम्मी माणसे परतली नाहीत. मग त्या वादळाचा खरा दर्जा कोणता म्हणावा? पहिल्या आठवड्यात ठरला तो, की दहा वर्षांच्या शिरगणतीत दिसला तो?

आपल्याकडे नासाडी मोजण्याचे काम पंचनामा करतो. पंचनाम्याचेही एक माप असते, आणि ते हेक्टराचे असते. ‘निसर्ग’नंतर राज्य सरकारने बागायतीच्या मदतीचा दर वाढवून हेक्टरी ५० हजार रुपये केला. ही वाढ करताना सरकारने हात आखडता घेतला असे म्हणता येणार नाही. परंतु दिवेआगरच्या वाड्या हेक्टरांत नसतात, गुंठ्यांत असतात. आणि हेक्टर म्हणजे जवळजवळ शंभर गुंठे. दहा गुंठ्यांच्या वाडीस त्या दराने पाच हजार रुपये यावयाचे. त्यात पडलेली झाडे कापून बाहेर काढण्याची मजुरीसुद्धा निघत नाही. पुढे लोकांची ओरड ऐकून झाडाचे माप मान्य करण्यात आले, आणि सुपारीस झाडामागे ५० रुपये व नारळास २५० रुपये असे दर ठरले. माप बदलताच तीच वाडी, तेच वादळ, पण हानी वेगळी दिसू लागली. मदत किती, हा वाद आम्ही येथे करीत नाही. गुंठ्यात जगणाऱ्याला हेक्टराने मोजले तर तो दिसतच नाही, एवढेच दाखवावयाचे आहे.

त्या वर्षीच्या दिवाळीनंतर लालबागेतील अशाच एका गावमंडळाच्या खोलीत आम्ही स्नेही ह्या नात्याने बसलो होतो. दहा-बारा माणसे, तोंडाला मुखपट्ट्या, दारे-खिडक्या सताड उघडी. विषय होता अठरा गुंठ्यांच्या एका वाडीचा. तिचे सात वाटेकरी. एक गावात, सहा मुंबईत. वाडीत उभ्या पोफळी बोटांवर मोजण्याइतक्या उरलेल्या. समुद्र जवळ, पर्यटकांचा ओघ मोठा. जागा विकत घेऊन तेथे राहण्याच्या खोल्या बांधू इच्छिणारा एक गृहस्थ तयार होता, आणि त्याने सांगितलेली रक्कम मंडळींपैकी कोणी आयुष्यात एकरकमी पाहिलेली नव्हती.

गिरणीत तीस वर्षे साचे चालवलेले काका म्हणाले, “झाडं पडली म्हणून जमीन पडली नाही. बापसानं लावलेली फळं आम्ही खाल्ली. आम्ही लावू ती पोरं खातील.”

त्यांचाच पुतण्या, खाजगी नोकरीतला, शांतपणे म्हणाला, “काका, पोरं इथं आहेत. तिथं पाणी कोण लावणार? सात वर्षं मोटरचं बिल कोण भरणार? तुम्ही बोला, पण आकडा घालून बोला.”

दादरहून आलेल्या एक वहिनी बराच वेळ गप्प होत्या. त्यांच्या यजमानांचा वाटा त्यांच्याकडे आला होता. त्या म्हणाल्या, “मला वाडी नको असं नाही. पण मुलीची फी जूनमध्ये भरायची असते, आणि पोफळ सात वर्षांनी फळते. ह्याची सांगड तुम्ही सांगा, मी सही करत नाही.”

ह्या बोलण्याला कोणापाशी उत्तर नव्हते, आणि उत्तर नसल्याचे सर्वांनी मान्य केले हे आम्हांस त्या सभेचे भूषण वाटले. तिच्यात कोणी खलपुरुष नव्हता. विकणारा लोभी नव्हता आणि न विकणारा भाबडा नव्हता. वाऱ्याने आपले काम ३ जूनच्या दुपारीच संपविले होते; पण वाडी राहणार की जाणार, म्हणजे ते वादळ किती मोठे होते, हे ह्या दहा बाय बाराच्या खोलीत ठरत होते. अशा खोल्या त्या हिवाळ्यात लालबागेत, परळला, गिरगावात, दादरला किती भरल्या असतील! अखेर पाच वर्षे विकावयाचे नाही, सहा मुंबईकर वाटेकऱ्यांनी दरमहा ठराविक रक्कम घालावयाची, पण वहिनींच्या वाट्याची रक्कम पहिली तीन वर्षे इतरांनी भरावयाची, आणि श्रीवर्धनच्या सुपारी संशोधन केंद्रात रोपांची चौकशी करावयाची, असे ठरले. पुतण्याने वही पुढे ओढून तारीख घातली. ठराव त्याच्या मताविरुद्ध होता. अक्षर मात्र त्याने सुवाच्य काढले.

पुढे जानेवारीत त्या मंडळींबरोबर परळहून एस. टी.ने जाऊन आम्ही ती वाडी पाहिली. पडलेले सोट बाजूला रचून ठेवले होते. पाट कोरडे होते. आम्हांस सर्वांत चमत्कारिक वाटले ते ऊन. जेथे वर्षानुवर्षे उन्हाने जमिनीला स्पर्श केला नव्हता, तेथे ते उघडे-बोडके पसरले होते. आणि वादळातून वाचलेली जायफळाची दोन झाडे आता त्या उन्हाने करपू लागली होती. गावातल्या वाटेकऱ्यांच्या घरच्या आजी अंगणात बसल्या होत्या. पंचनाम्यात सगळे आले का, असे आम्ही विचारले. त्या म्हणाल्या, “झाडं आली, कौलं आली. सावली कुठं लिहायची, ते त्या कागदात नव्हतं.”

आम्हांस वाटते, प्रत्येक मापाबाहेर असे काहीतरी राहतेच, आणि ते राहणार हे धरूनच मापाकडे पाहिले पाहिजे. १७ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ वादळ मुंबईच्या समोरून समुद्रातून उत्तरेस गेले. खात्याच्या शिडीवर त्याची पायरी ‘निसर्ग’हून दोनांनी वरची, सहावी. कुलाब्यास त्या दिवशी ताशी ११४ किलोमीटरांचा झोत नोंदला गेला, आणि शहराजवळच्या समुद्रात पी-३०५ हा तराफा बुडून सत्तरांहून अधिक कामगार प्राणांस मुकले. त्यांच्या घरच्यांना ते वादळ कितव्या पायरीचे होते, हे विचारावयास कोणी धजेल काय? आणि दिवेआगरच्या त्या वाडीस विचाराल, तर ती चौथ्या पायरीलाच मोठी म्हणेल. दोन्ही उत्तरे खरी आहेत, आणि वेधशाळेचा आकडाही खरा आहे.

म्हणून आकडा टाकून द्यावा असे आम्ही म्हणत नाही. वादळ येण्यापूर्वी वाऱ्याचीच पायरी हवी. तेव्हा दुसरे माप उपयोगाचे नाही. पण वादळ गेल्यानंतर तीच पायरी हातात धरून बसणे आणि ‘मधल्याच दर्जाचे होते’ किंवा ‘आपण वाचलो’ म्हणून पान उलटणे, हे वाचलेल्या शहरास शोभत नाही. ते दुसरे माप घ्यावयास तेथे जावे लागते, पडलेली झाडे पाहावी लागतात, आणि एकदाच जाऊन भागत नाही. ज्या घरांचे गावी अजून चार-दोन गुंठे आहेत, त्यांच्यावर तर हे काम आपोआपच येऊन पडलेले आहे. कारण ते गाव शिल्लक राहील की नाही, ह्याचा निकाल बहुधा त्यांच्याच सहीवर अडलेला असतो.

लालबागच्या त्या मंडळाने एक साधी गोष्ट केली आहे. वर्गणीच्या वहीच्या मागच्या पानांवर त्यांनी रकाने आखले आहेत: वर्ष, लावलेली रोपे, जगलेली रोपे, चालू विहिरी, गणपतीखेरीजच्या दिवसांत पेटलेल्या चुली. दर मे महिन्यात गावी जाणाऱ्याने ते भरून आणावयाचे असतात. पहिल्या ओळीत ‘३ जून २०२०’ एवढेच लिहिलेले असून पुढील सर्व रकाने कोरे आहेत. त्याखालच्या ओळी भरल्या जात आहेत. शेवटच्या रकान्याला प्रथम नाव दिलेले नव्हते. आजींचे बोलणे ऐकून आल्यावर पुतण्याने त्यावर ‘सावली’ असे लिहिले. त्यात काय भरावयाचे, ह्यावर मंडळात अद्याप एकमत झालेले नाही.